जमिनीवरचा वैमानिक

सोनपेठच्या परिसरात भाद्रपद उजाडला की कापसाचे पीक माणसाच्या कमरेला, कधी कधी छातीला लागते. त्यावरील कीड मारण्यासाठी शेतकरी पाठीवर औषधाचा पंप बांधतो आणि आपणच उडविलेल्या फवाऱ्यातून वाट काढीत पुढे सरकतो. वारा फिरला की ते तुषार त्याच्याच नाकातोंडात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा फवारणीमुळे विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. औषध पिकावर पडावे, परंतु माणसाच्या अंगावर येऊ नये, यासाठी काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर आता आकाशातून मिळू लागले आहे. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती एक लहानशी पेटी असते. तिच्या आज्ञेप्रमाणे, दहा लिटर औषध पोटाशी घेतलेले एक यंत्र पिकाच्या डोक्यावरून घोंगावत जाते आणि एका एकराचे काम सुमारे दहा मिनिटांत उरकते. या यंत्रास ड्रोन म्हणतात.

ड्रोन हे इंग्रजीत मधमाशीच्या नराचे नाव आहे. १९३५ साली ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी वैमानिकाशिवाय उडणारे विमान तयार केले व त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, असे ठेविले. त्यावरूनच पुढे अशा विमानांस ड्रोन म्हणू लागले, असे सांगतात. मराठीत आपण त्यास ‘मानवरहित विमान’ म्हणतो. नाव ठीक आहे. मात्र यातील माणूस नाहीसा झालेला नाही, विमानातून उतरून तो जमिनीवर आला आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे सांगावयाच्या सर्व नियमांचे मूळ याच गोष्टीत आहे.

प्रथम हे यंत्र उडते कसे ते पाहू. साध्या ड्रोनला चार कोपऱ्यांवर चार पंखे असतात. पंखे हवा खाली लोटतात, त्यामुळे यंत्र वर उचलले जाते. परंतु चारही पंखे एकाच दिशेने फिरू लागले, तर यंत्राचा सांगाडा उलट दिशेने गरगर फिरू लागेल. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन पंखे घड्याळाच्या काट्याप्रमाणे व उरलेले दोन त्याच्या उलट फिरवितात. दोहोंचा जोर एकमेकांस तोलून धरतो आणि यंत्र हवेत स्थिर राहते. पुढे जावयाचे असेल तर मागच्या पंख्यांचा वेग वाढवावयाचा. मग यंत्र नाक खाली करून पुढे झुकते आणि पुढे सरकते. हा तोल सांभाळण्याचे काम त्यातील लहानसा संगणक करतो. झुळूक आली, यंत्र किंचित कलले, की तो त्या त्या पंख्याचा वेग तत्काळ बदलतो. माणसाच्या हाताला इतकी चपळाई साधणे शक्य नाही. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून आपण कोठे आहोत हेही त्यास कळते. त्याचे दुबळे अंग म्हणजे विजेचा घट. तो लवकर रिकामा होतो, म्हणून औषध वाहणाऱ्या ड्रोनला थोड्या थोड्या वेळाने खाली यावे लागते.

या विद्येत महाराष्ट्र मागे राहिलेला नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या काही तरुणांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ ही संस्था काढली. पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने त्यांनी ‘नेत्र’ नावाचे ड्रोन घडविले. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा डोंगरदऱ्यांत अडकलेल्या यात्रेकरूंचा शोध घेण्यासाठी ते उपयोगी पडले.

तथापि जे यंत्र यात्रेकरूस शोधते, तेच कोणाच्या अंगणातही डोकावू शकते. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी सरकारने खाजगी व्यक्तींस ड्रोन उडविण्याची मनाई केली. ही बंदी सुमारे चार वर्षे टिकली. १ डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये एक विलक्षण प्रकार घडला. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळापाशी ड्रोन दिसल्याच्या वार्ता आल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. सुमारे एक हजार उड्डाणे विस्कटली. नाताळसाठी घरी निघालेले एक लाखाहून अधिक प्रवासी खोळंबले. ते ड्रोन कोणी उडविले, याचा पत्ता पोलिसांना लागला नाही.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी नवे ‘ड्रोन नियम’ आले, त्यांत ड्रोनच्या नोंदणीवर भर आहे तो याचसाठी. मोटारीप्रमाणे ड्रोनलाही नोंदणी करून ओळखक्रमांक घ्यावा लागतो. या नियमांत वजनावरून ड्रोनचे पाच वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन सर्वांत लहान, तर १५० किलोग्रॅमच्या वरचे सर्वांत मोठे. जड वस्तू डोक्यावर पडली तर अपाय अधिक, म्हणून वजन वाढेल तसे नियमही कडक होतात.

आकाशाचेही रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन भाग पाडले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत निराळी परवानगी लागत नाही. दौलताबादचे दोन चांदमिनार एकावर एक उभे केले, तर जवळजवळ एवढी उंची होईल. याहून वर का नाही? प्रवासी विमाने व हेलिकॉप्टरे, चढउताराची वेळ सोडल्यास, सामान्यतः ५०० फुटांच्या खाली येत नाहीत. मधले १०० फूट ही दोघांमधील मोकळी जागा होय. युरोपातील देशांनीही हीच मर्यादा स्वीकारली आहे. विमानतळाजवळचा भाग पिवळा. तेथे विमानतळावरील नियंत्रकांची अनुमती हवी. तांबड्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून जाता येत नाही. सोनपेठपासून नांदेड व लातूरचे विमानतळ बरेच दूर आहेत; तरीही प्रत्येक उड्डाणापूर्वी सरकारी नकाशा पाहणे बंधनकारक आहे, कारण एखाद्या प्रसंगी पोलीस अधीक्षकही काही काळापुरता एखादा भाग तांबडा ठरवू शकतात. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

फवारणीस आणखी एक सावधगिरी हवी, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. पाठीवरच्या पंपाने एका एकरास पुष्कळ पाणी लागते; ड्रोन ते काम अगदी थोड्या पाण्यात करते. म्हणून त्यातील औषध अधिक तीव्र असते. असे बारीक तुषार वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेले, तर तो पाला खाणारे रेशमाचे किडे मरून जातील. विहिरीत उतरले तर अनर्थच. त्यामुळे वारा जोराचा असेल तर पंखे फिरवूच नयेत.

ड्रोन केवळ शेतापुरते राहिलेले नाही. गावठाणातील घरांच्या जागांची सात-बारासारखी नोंद बहुतेक गावांत नव्हती. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी ड्रोनने प्रायोगिक मोजणी करण्यात आली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. मोजणीपूर्वी गावकरी आपापल्या जागेच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढतात. वरून घेतलेल्या छायाचित्रात त्या स्पष्ट उमटतात आणि त्यावरून घराचा नकाशा तयार होतो. शेजाऱ्यांचे वाद त्याने सारेच मिटतात असे नाही, पण कर्ज काढावयास घरमालकाच्या हाती एक कागद तरी येतो.

ड्रोन चालविण्याचे प्रमाणपत्र मिळविण्यास वय किमान १८ वर्षे हवे, दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घ्यावे लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन व यंत्रमानव वापरण्याविषयी संशोधनाचा व शिक्षणाचा मोठा प्रकल्प राबविण्यात आला. २०२३ साली केंद्र सरकारने महिलांच्या १५,००० बचत गटांस ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. तीत निवडलेल्या महिलेस १५ दिवस शिकविण्याची तरतूद आहे. त्यांपैकी ५ दिवस ड्रोन उडविण्याचे आहेत आणि उरलेले १० दिवस खते व औषधे कशी फवारावीत याचे.