बुद्धिबळाचें सिंहासन

मधल्या सुटींत आमच्या शाळेच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. नियम एवढाच, कीं जो हरेल त्यानें उठावें. दहावींतील एक विद्यार्थी महिनाभर जागचा हलला नाहीं; आणि एके दिवशीं आठवींतल्या मुलानें त्यास उठविलें. चौकशी करतां कळलें, कीं हा मुलगा महिनाभर मागें उभा राहून त्याच्याच चाली पाहत होता. हरलेल्याच्या वडिलांनीं मात्र खेळच बंद करण्याचें ठरविलें होतें.

जगज्जेत्यांचेंही बहुधा असेंच होतें. इमॅन्युएल लास्कर १८९४ पासून १९२१ पर्यंत २७ वर्षें गादीवर होता. त्यास जिंकणारा कापाब्लांका क्वचितच हरे. तरी आलेखाइननें त्याच्या डावांचा कसून अभ्यास केला व १९२७ सालीं त्यास पदच्युत केलें. विजेत्याचे डाव छापले जातात, तेव्हां त्यांतील उणिवाही सर्वांच्या हातीं पडतात. पुढें १९३५ सालीं आलेखाइनला हरविलें, तें मॅक्स यूवे या गणिताच्या शिक्षकानें! (आम्हां शिक्षकांस याचा किंचित् अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.) परंतु दोनच वर्षांनीं आलेखाइननें गादी परत मिळविली.

आपल्या मराठी मुलुखांतही असें एक राज्य होऊन गेलें. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं सुरू झाली, आणि पहिल्या दशकांत तिचें अजिंक्यपद वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींच्याच घरीं राहिलें. तोलाचा प्रतिस्पर्धी घरांतच असणें, हें त्यांचें मोठें बळ असावें असें आम्हांस वाटतें. रोहिणी तेराव्या वर्षीं अजिंक्य ठरली. १९७६ सालींच ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली, तेव्हां मोठा गहजब झाला. स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनीं दिला. आणि हे अध्यक्ष म्हणजे तेच यूवे! १९८१ सालीं रोहिणी आशियाची विजेती झाली. पण १९८५ सालीं राष्ट्रीय पद भाग्यश्री साठे हिनें घेतलें, व नंतर अनुपमा अभ्यंकर पुढें आली. दोघींनींही तें पांच पांच वेळां जिंकलें.

२०२५ सालीं बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें कोनेरू हंपीला हरविलें. हंपी २००२ सालीं ग्रँडमास्टर झाली, तेव्हां दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

हें सर्व आम्हीं त्या वडिलांस सांगितलें. आलेखाइनच्या दोन वर्षांची गोष्ट त्यांनीं दोनदां विचारली. आतां त्यांचा मुलगा आठवींतल्याच्या मागें उभा राहून पाहत असतो.