शिकवणीला बसलेलं स्वमग्न मूल

चंदीगडला बदली होऊन आलेल्या मराठी घरात मूल स्वमग्न असेल, तर कुणी ना कुणी सांगतंच, "घरात मराठी बंद करा, नुसती हिंदी बोला. शाळेत इंग्रजी, अंगणात पंजाबी, पोर गोंधळेल." सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण चुकीचा. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं एकभाषिक स्वमग्न मुलांपेक्षा भाषेत मागे पडत नाहीत, असंच आजवरच्या अभ्यासांत दिसलंय. मराठी बंद केल्यावर आजीचा फोन मात्र मुका होतो.

शिकवणीतली नेहमीची तक्रार म्हणजे "माझ्याकडे बघतच नाही, लक्ष कुठंय?" बऱ्याच स्वमग्न मुलांना डोळ्याला डोळा भिडवायलाच इतके कष्ट पडतात, की ऐकणं राहून जातं. भिंतीकडे बघणारं मूल कदाचित नीट ऐकत असेल. बोटं हलवण्याचंही तेच. त्यानं कुणाला इजा होत नसेल तर हलवू द्या.

"सांगितलेलं ऐकत नाही" या तक्रारीत सांगणाऱ्याचीही चूक असते. "चल, आता जरा डोकं लावून पटापट उरक बघू." यात करायचं काय? त्याऐवजी कागदावर लिहा: 'आधी ३ गणितं, मग झोका.' वाचता येत नसेल तर चित्रं काढा. बोललेलं विरून जातं, कागद समोर राहतो. झालेल्या गणितावर त्यालाच काट मारू द्या. किती उरलं ते दिसलं की बरीचशी धुसफूस थांबते.

एकाच विषयाचं वेड मोडून काढायचं, हा तर मला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. समजा, पोराला आगगाडीशिवाय काही सुचत नाही. कालका इथून जवळच. १९०३ साली सुरू झालेला कालका–शिमला मार्ग सुमारे ९६ किलोमीटरचा, बोगदे १०२. ताशी २० किलोमीटरनं गेलं तर किती वेळ लागेल? पेरू-आंब्यांच्या गणिताला हात न लावणारं मूल इथे पेन्सिल उचलण्याची शक्यता जास्त.

मनातलं सांगायला चित्रं किंवा टॅब दिला तर मुलाचं बोलणं थांबेल, ही भीतीही निराधार.

निदान मात्र शिकवणीच्या सरांनी करू नये. सेक्टर ३२ च्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 'चंदीगड ऑटिझम स्क्रीनिंग इन्स्ट्रुमेंट' नावाची ३७ प्रश्नांची हिंदी प्रश्नावली तयार झाली आहे. तीही चाळणीच, शेवटचा शब्द तज्ज्ञांचा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे नोंदलेली आहे. सीबीएसईच्या बोर्ड परीक्षेत अशा मुलांना लेखनिक आणि तासामागे २० मिनिटं जादा मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच शाळेत चौकशी करा.