गरगरणं थांबलं, तरी तोल का जातो?

ताईंनो, आमच्या एका गटातल्या मावशी सलग दोन बैठकांना आल्या नाहीत म्हणून घरी गेले, तर त्या खाटेवर पडून. महिन्यापूर्वी पहाटे कूस बदलताना त्यांना अख्खं घर गरगर फिरताना दिसलं. आधी अशक्तपणा समजून सलाईन लावली. मग तालुक्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मान वळवून, आडवं करून, एका कुशीवर नेऊन बसवलं आणि फिरणं थांबलं. पण मावशी म्हणाल्या, "चालताना चिखलात पाय टाकल्यासारखं वाटतं गं. उपचार लागू पडला नाही." सूनबाई शहरात तपासणीसाठी गटाकडून कर्ज मागणार होत्या.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, गवंड्याच्या पाणसळीसारखी. तिथले कॅल्शियमचे बारीक कण सुटून शेजारच्या नळीत गेले, की कूस बदलताना, वर बघताना किंवा वाकताना मिनिटभर गरगरतं. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं. डॉक्टर मान ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर नेतात.

मग नंतरचं हलकं डोकं कशामुळे? इतके दिवस एका कानाकडून मेंदूला चुकीचा निरोप जात होता. आता निरोप बरोबर येतो, पण मेंदूला तो परत ओळखायला वेळ लागतो. घाटातून एसटीने आल्यावर उतरलो तरी अंग डोलतं ना, तसंच. बहुतेकींचं हे दोन-तीन आठवड्यांत जातं, काहींना जास्त दिवस लागतात.

काय करायचं?

• पडून राहू नका. रोज चाला, आधी कुणाचा हात धरून. मान आखडून धरू नका. हालचालीनेच मेंदू शिकतो.
• चक्करेच्या गोळ्या मनाने चालू ठेवू नका. त्याने मेंदूचं शिकणं लांबतं.
• तोल सावरेपर्यंत विहिरीचा काठ, शिडी, डोक्यावरचा हंडा टाळा. रात्री उठताना बॅटरी घ्या.
• कूस बदलताना पुन्हा गरगरलं तर कण परत सुटले असतील. त्याच डॉक्टरांकडे जा, तोच उपचार पुन्हा करता येतो.
• एकाचं दोन दिसणं, जीभ जड होणं, हात-पाय लुळा पडणं, अचानक जोराचं डोकं दुखणं, शुद्ध हरपणं, एकदम ऐकू न येणं, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

कर्जाआधी आम्ही मावशींना त्याच डॉक्टरांकडे परत नेलं. कण जागेवरच होते. "घाबरून बसू नका, चाला," एवढंच ते म्हणाले. आता शेजारच्या दोघी त्यांना रोज संध्याकाळी मंदिरापर्यंत फिरवून आणतात. परवाच्या बैठकीला मावशी स्वतः चालत आल्या.

तुमच्या गटातही चक्करेच्या भीतीने कुणी घरात बसलंय का? पुढच्या बैठकीआधी एकदा तिच्या दारात जाऊन या.