पाठ्यपुस्तकांची ऑनलाइन पायरसी

पाठ्यपुस्तकांची ऑनलाइन पायरसी म्हणजे प्रताधिकार असलेल्या पाठ्यपुस्तकांच्या डिजिटल प्रती प्रकाशकाच्या परवानगीविना आंतरजालावर मिळवणे किंवा वाटणे होय. अमेरिकेतील महाविद्यालयांत हा प्रश्न विशेष चर्चेत आला.

कारणे

पाठ्यपुस्तक प्राध्यापक निवडतात, परंतु त्याचा खर्च विद्यार्थी करतो. त्यामुळे स्वस्त पर्याय घेण्याची मुभा त्याला राहत नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार, जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या.

स्वरूप

छापील पुस्तक स्कॅन करून किंवा ई-पुस्तकाचे तांत्रिक संरक्षण काढून त्याची प्रत तयार केली जाते. सुमारे २००८ मध्ये रशियात सुरू झालेले लायब्ररी जेनेसिस (लिबजेन) हे अशा प्रतींचे मोठे भांडार आहे. तेथे शीर्षक, लेखक किंवा आयएसबीएन क्रमांकावरून पुस्तक शोधता येते. एक पत्ता बंद झाला, तरी तोच संग्रह इतर पत्त्यांवर उपलब्ध राहतो.

कारवाई व पर्याय

२०२३ मध्ये सेंगेज, मॅकमिलन लर्निंग, मॅकग्रॉ हिल आणि पिअर्सन या प्रकाशकांनी न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात लिबजेनविरुद्ध दावा दाखल केला. प्रतिवादी हजर न झाल्याने २०२४ मध्ये न्यायालयाने एकतर्फी निकाल देऊन ३ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. मात्र चालकांची ओळख उघड नसल्यामुळे अशी रक्कम वसूल करणे अवघड असते.

अनेक पुस्तकांसोबत प्रकाशक ऑनलाइन गृहपाठासाठी एकाच विद्यार्थ्याला वापरता येणारा प्रवेश-संकेतांक विकतात. त्यामुळे पुस्तकाची अनधिकृत प्रत मिळूनही विद्यार्थ्याचा खर्च टळत नाही. याउलट, राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स प्रकल्प २०१२ पासून खुल्या परवान्याची पाठ्यपुस्तके विनामूल्य उपलब्ध करून देतो.