जिभेमागचं वळण पाहताना

भूल दिल्यावर श्वास थांबू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतात. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ साली आणलेल्या वाकड्या पात्याने जीभ उचलायची आणि स्वरतंतू डोळ्यांनी शोधायचे, ही जुनी रीत. पण मान ताठ किंवा हनुवटी आखूड असली की नजर तिथवर पोचतच नाही.

यावर तोडगा म्हणजे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. त्यात कॅमेरा पात्याच्या टोकाजवळच असतो. पडद्यावर स्वरतंतू स्पष्ट दिसतात, शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरलाही. मला हा फायदा फार मोलाचा वाटतो.

मात्र दिसलं म्हणजे नळी गेली, असं नाही. वळणावर ती अडते. म्हणून आत धातूची सळई घालून तिला पात्यासारखा बाक देतात. नळी तोंडात शिरताना नजर पडद्यावर नव्हे, तोंडाकडेच हवी. नाहीतर टाळूला इजा होते.

गुटख्याने जबडा आखडलेल्या रुग्णाच्या तोंडात तर पातंच जात नाही. मग त्याला जागं ठेवून, घसा बधिर करून, नाकातून लवचिक ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक दुर्बीण, घालावी लागते. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरीही असे जबडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतच आहेत.