गाण्यांच्या संग्रहाचा कारभारी कसा निवडावा?

आसनगावहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलगाडीत टाळ वाजतो आणि भजन रंगते, हे येथील मंडळींना नव्याने सांगावयास नको. टाळाच्या जोडीला आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्रही असते. भजने, गौरीची गाणी, धवलारणीने म्हटलेले लग्नातले धवले, जुन्या कॅसेटांवरून उतरवून घेतलेली गीते, असे करता करता एकेका घरी हजारो फाइली साठतात. साठविणे सोपे झाले आहे. हवे ते गाणे हवे तेव्हा सापडणे मात्र कठीण. म्हणून संगणकावर असा संग्रह सांभाळणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, कशी पारखून घ्यावी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाणे वेगळे आणि गाण्याची नोंद वेगळी. फाइलीत सुरांबरोबर गीताचे नाव, गायक, गीतकार, संगीतकार, संग्रह, साल अशा नोंदी ठेवण्याची सोय असते. तिला टॅग म्हणतात. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या भाषेत सांगावयाचे तर हा कामगाराच्या छातीवरचा बिल्ला होय. बिल्ला छातीवर असला तर माणूस कोणत्याही खात्यात गेला तरी ओळखू येतो. पण ओळख केवळ कचेरीतल्या वहीत असली, तर वही गेली की ओळखही गेली.

आज्ञावल्यांतही हाच भेद आहे. काही आज्ञावल्या आपण केलेली दुरुस्ती थेट फाइलीत लिहितात. काही ती आपल्या खासगी वहीत ठेवतात. दुसऱ्या प्रकारची आज्ञावली बंद पडली, की दहा वर्षांची मेहनत तिच्याबरोबर जाते. हे भय काल्पनिक नव्हे. गूगल प्ले म्युझिक या सेवेत लोकांनी आपापली गाणी हजारोंच्या संख्येने चढविली होती. ती सेवा २०२० साली बंद झाली. गाणी दुसऱ्या सेवेत नेण्याची मुदत दिली होती, हे खरे. परंतु ती मुदत ठरविणारा मालक होता, गाणी जमविणारा नव्हे.

म्हणून पहिली परीक्षा अशी. शंभर फाइलींची वेगळी प्रत काढावी. नव्या आज्ञावलीत पाच गाण्यांच्या नोंदी बदलाव्या, ती बंद करावी आणि त्याच फाइली दुसऱ्या आज्ञावलीत उघडाव्या. बदल दिसला तर ठीक. न दिसला तर हजेरीपट मालकाच्या तिजोरीत आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा देवनागरीची. एमपी-थ्रीमधील टॅगची १९९६ ची पहिली पद्धत गीताच्या नावाला अवघे ३० बाइट देई. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त हीही चिन्हेच. म्हणजे जागा फक्त दहा चिन्हांना. ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दात अकरा चिन्हे आहेत; तो एकटा शब्दही तेथे मावत नाही! पुढच्या पद्धतींत ही अडचण उरली नाही. तेव्हा नवी पद्धत पाळणारी आणि मराठीत शोध घेऊ देणारी आज्ञावलीच पत्करावी.

तिसरी परीक्षा रकान्यांची. ‘गीतरामायण’ घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. गीते ५६, कवी ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके यांचे. आकाशवाणीवर ती गीते निरनिराळ्या गायकांनी म्हटली. पुढे फडक्यांनी ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. आज्ञावलीने ही गीते वर्णानुक्रमे लावली तर रामकथाच उलटीपालटी होईल. म्हणून क्रमांकाचा रकाना हवा. नुसत्या गायकाच्या नावाने लावली तर आकाशवाणीचा एक संच दहा ठिकाणी विखुरेल. म्हणून संग्रहाचा रकाना वेगळा हवा. आणि कवीचा रकाना नसेल, तर ज्याने शब्द लिहिले तोच गळून पडेल.

विंडोजवर फूबार२००० व मीडियामंकी, लिनक्सवर स्ट्रॉबेरी या आज्ञावल्या मोठे संग्रह पेलतात. केवळ टॅग सुधारावयाचे असल्यास एमपी-थ्री-टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड चालेल. पिकार्ड तर आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखण्याचा यत्न करते. परंतु ज्याची नोंद जगात कोणीतरी आधी केली आहे, तेच गाणे तिला ओळखू येते. गावातल्या मावशीचा धवला तिला कोठून ठाऊक असणार? ते काम आपणच केले पाहिजे.

ते कसे करावे याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून जमविल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे! पुढे बर्नार्ड बेल यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले आणि नोंदी संगणकावर सुव्यवस्थित लावल्या. आता या ओव्या ‘पारी’ या संस्थेमार्फत सर्वांना खुल्या आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव वाचावयास मिळते. दळणाऱ्या बाईच्या नावाची नोंद ठेवणारे दफ्तर पूर्वी किती होते?

जागेचाही हिशेब पाहू. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट घेते; १२० तासांना ७६ गिगाबाइट. फ्लॅक या प्रकारात एकही सूर न गमावता ही जागा बरीच, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, कमी होते. एवढा ऐवज आज खिशातल्या डिस्कवर मावतो. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण फ्लॅकमध्ये ठेवावे, ऐकण्यासाठी एमपी-थ्री करावे, आणि तीन प्रती करून एक दुसऱ्याच्या घरी ठेवावी.

आज्ञावली बदलता येते. म्हातारी गाणारीण गेल्यावर मात्र ‘एयूडी’ने सुरू होणाऱ्या आकड्यांच्या फाइलीत कोणाचा आवाज आहे हे सांगावयास कोणी उरत नाही. तेव्हा आज्ञावलीची निवड चार दिवस लांबली तरी चालेल. एका वहीत गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिण्यास मात्र या रविवारीच आरंभ करावा, अशी आमची सर्वांना विनंती आहे.