परदेशी नोकरीचा व्हिसा : प्रायोजक कोण आणि दलाल कोण?

सिंधुदुर्ग जिल्ह्याला परगावच्या मिळकतीचा आधार नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील असंख्य संसार उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागोमाग बंद पडत गेल्या आणि हा आधार तुटला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; मालवण-तारकर्ली किनाऱ्यावर न्याहारी-निवासाची सोय, खानावळी, स्कूबा डायव्हिंग असे व्यवसाय वाढले. मात्र पावसाळ्यात किनाऱ्यावरचे हे काम थंडावते. त्यामुळे हॉटेलात किंवा नौकेवर काम शिकलेला तरुण शेजारच्या गोव्यात जातो आणि पुढे दुबई, मस्कत किंवा ‘बोटीवर’च्या नोकरीकडे त्याचे लक्ष लागते. याच टप्प्यावर त्याची गाठ ‘व्हिसा काढून देतो’ असे सांगणाऱ्या माणसाशी पडते.

हा व्हिसा नेमका कोणाच्या जबाबदारीवर मिळतो, हे ठाऊक नसणे हेच बहुतेक फसवणुकींचे मूळ आहे. घरातील दागिने किंवा आंब्याची बाग गहाण ठेवून जी रक्कम उभी केली जाते, ती अनेकदा अशा माणसाच्या हाती पडते, ज्याला व्हिसा देण्याचा वा मिळवून देण्याचा अधिकारच नसतो.

प्रायोजक म्हणजे मालक

परदेशी नागरिकाला कामावर ठेवण्याची परवानगी त्या देशाच्या सरकारकडे मागणारा आणि त्याच्या नोकरीची जबाबदारी घेणारा मालक म्हणजे प्रायोजक होय. साहजिकच क्रम ठरलेला असतो. आधी नोकरी, मग मालकाने मिळवलेली कामाची परवानगी आणि त्यानंतर उमेदवाराचा व्हिसा. जिथे हा क्रम उलटा सांगितला जातो, म्हणजे ‘आधी व्हिसा घ्या, नोकरी तिकडे गेल्यावर मिळेल’ असे आश्वासन दिले जाते, तिथे प्रायोजक बहुधा अस्तित्वातच नसतो.

आखाती देशांत या मालकाला ‘कफील’ म्हणतात. कामगाराचे वास्तव्य त्याच्याशी बांधलेले असल्याने या पद्धतीवर जगभर टीका झाली. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली, तर सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही निर्बंध सैल केले. तरीही कागदावरचा मालक कोण, हा प्रश्न कामगाराच्या दृष्टीने कळीचाच राहिला आहे.

म्हणूनच तथाकथित ‘फ्री व्हिसा’ धोक्याचा ठरतो. यात कागदोपत्री प्रायोजक एक असतो आणि काम भलत्याच ठिकाणी करावे लागते. तपासणीत सापडल्यास दंड आणि हद्दपारीचा धोका असतो. वेतन थकले तर ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम केले, त्याच्याविरुद्ध दाद मागणेही कठीण होते. पर्यटक व्हिसावर नेऊन कामाला लावण्याचा प्रकारही तितकाच बेकायदा आहे.

खर्च कोणी करायचा?

खरा प्रायोजक ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, ते पाहणे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाला कामगाराकडून थेट वा आडमार्गाने वसूल करता येत नाही. भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत भरती एजंटांना परवाना दिला जातो. अशा एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५ हजार ४०० रुपये इतके आहे. त्याची पावती देणे बंधनकारक आहे. लाखांत मागितलेली ‘व्हिसाची किंमत’ या चौकटीत कुठेच बसत नाही.

बोटीवरच्या नोकरीचे नियम वेगळे आहेत. तेथे एजन्सीकडे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना, म्हणजे आरपीएसएल, असावा लागतो. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशाचे नोंदपुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च त्याच्यावर पडू शकतो. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाने करावयाचा असतो.

युरोपच्या बाबतीत नियम सतत बदलतात आणि दलाल जुनेच नियम विकत राहतात. ब्रिटनमध्ये परवानाधारक प्रायोजकांची यादी सरकार जाहीर करते आणि ती कोणालाही पाहता येते. तेथील वृद्ध व रुग्णांची देखभाल करणाऱ्या ‘केअर वर्कर’ची परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परंतु करार झाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. जर्मन भाषेची तयारी आणि पात्रतेची मान्यता या पायऱ्या उमेदवाराला चढाव्याच लागतात.

दहावी उत्तीर्णांनी अधिक सावध

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट सामान्यतः ‘ईसीआर’ वर्गात मोडतो. त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे त्यांचे करारपत्र निदान एकदा सरकारी नजरेखालून जाते. त्यांच्यासाठी १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही अनिवार्य आहे. जीएसटी वगळता त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५, तर तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. दहावी वा त्यापुढे शिकलेल्यांना ही मंजुरी लागत नाही. परिणामी कागदपत्रे पडताळण्याची जबाबदारी त्यांची स्वतःचीच ठरते. शिक्षण फसवणुकीपासून वाचवते, हा समजही खरा नाही. संगणकावरील नोकरीच्या आमिषाने म्यानमारमधील सायबर गुन्हेगारांच्या तळांवर अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

एजंटाचा परवाना क्रमांक त्याच्या कार्यालयात आणि जाहिरातीत असणे आवश्यक आहे. तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पडताळता येतो. नियुक्तिपत्रात मालकाचे नाव, कामाचे स्वरूप, वेतन, कामाचे तास आणि परतीच्या तिकिटाची तरतूद असावी. व्हिसावरील मालकाचे नाव आणि करारपत्रातील नाव एकच असावे. शंका असल्यास मंत्रालयाच्या १८००-११-३०९० या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करता येते. ही चौकशी दागिने वा बाग गहाण टाकण्यापूर्वी झाली, तरच तिचा उपयोग आहे. विमान सुटल्यानंतर मालक कोण हे शोधू लागणाऱ्या तरुणाच्या हाती फारसे काही उरत नाही. घरी मात्र कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.